नुसता के

जेवणाच्या सुट्टीत भरतनं डबा उघडायच्या आधी फोन उघडला, आणि पडद्यावर एकच अक्षर बसलेलं होतं. K. मागं काही नाही, पुढं काही नाही. उरलेला मजकूर खाली असेल म्हणून त्यानं अंगठ्यानं बटण दाबून दाबून पाहिलं, पण खाली तारीख होती आणि वर बायकोचं नाव होतं, तेजस्विनी, आणि या दोहोंच्या मध्ये तो के, मोकळ्या मैदानात एखादी शेळी उभी राहावी तसा. आदल्या संध्याकाळी त्यानं तिला संदेश पाठवला होता. लग्नाला आठ महिने होत आले होते आणि इतका मोठा संदेश त्यानं तिला कधी पाठवला नव्हता. खोली मिळाली, दिवाळीनंतर नोकरी सोड, इकडं ये. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं, तेही छोट्या बटणांवर, म्हणून त्यानं दिवाळीतले आणि नंतरमधले स्वर गाळून टाकले होते. नुसती व्यंजनं उरली होती, मासा खाल्ल्यावर काटे उरावेत तशी. तेवढं लिहायलाही त्याला अर्धा तास लागला होता, कारण नोकरी सोड हे शब्द तो दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहीत होता. आणि त्यावर हे. डब्यातली भेंडी गार झाली. कॅन्टीनच्या पत्र्यावरून कबुतरं चालत होती, त्यांच्या नखांचा आवाज येत होता, आणि भरतला वाटलं, या के ला सांभाळून हातात धरायला पाहिजे, सांडला तर काही कळायचं नाही.

ओके म्हणायचं असेल तिला. ओ गाळला आणि के पाठवला, सगळे तसंच करतात हल्ली. म्हणजे ती तयार आहे. पण मराठी लिहिणारी माणसं 'का' सुद्धा नुसत्या के नं लिहितात. म्हणजे ती विचारते आहे, का? कशासाठी सोडू? एकाच अक्षराच्या एका बाजूला होकार उभा होता आणि दुसऱ्या बाजूला प्रश्न, आणि कोणता खरा हे अक्षर सांगत नव्हतं. भरतला याची सवय नव्हती. तो भोसरीच्या कारखान्यात ज्या मशीनवर काम करायचा ते मशीन अक्षरांवरच चालत होतं. जी दिला की टूल सरकायचं, एम दिला की लोखंड धरणारा चक फिरायचा नाहीतर थांबायचा, आणि कुठल्या जीचा काय अर्थ हे ठरलेलं असायचं. मशीन कधी रुसलं नव्हतं. सुट्टी संपल्यावर तो परत मशीनसमोर उभा राहिला, काच ओढली, आत दुधासारखं कूलंट उडायला लागलं, आणि त्या पांढऱ्या धारांतही त्याला ते अक्षर दिसायला लागलं. एक उभा दांडा आणि त्याला टेकून दोन पाय, एक वर गेलेला, एक खाली गेलेला. जायला निघालेल्या माणसासारखा. की येणाऱ्या?

पलीकडच्या मशीनवर सयाजी होता. वयानं मोठा, खेडकडचा, कॉलेजात जाणाऱ्या मुलीचा बाप. त्याला भरतनं फोन दाखवला. सयाजीनं चष्मा वर केला, खाली केला.

"नुसता के आलाय व्हय? मग अवघड हाय राव," तो म्हणाला. "माझी पोरगी खुशीत असली की ओके लिहिती. लई खुशीत असली तर म्होरं सतरा के लावती. आन रागावली की नुसता के."

"आन ती 'का' म्हणत असंल तर?"

"तर बरंच की. बायकू का म्हणली तर आपल्याला बोलाया तरी मिळतं. ओके म्हणली, मग काय बोलायचं?"

सयाजी हसून वळला. पण बोलाया तरी मिळतं, हे भरतच्या डोक्यात राहिलं, आणि ते बोचत नव्हतं, हे त्याला विचित्र वाटलं. हायस्कुलातले सावळेराम सर आठवले. निमगाव सावाच्या शाळेत ते इंग्रजी शिकवायचे, पांढरा शर्ट, खिशात दोन रंगांचे खडू. इंग्रज लोक घाईचे, असं ते सांगायचे. मिस्टर पूर्ण लिहायला वेळ नाही म्हणून पहिलं अक्षर घ्यायचं आणि शेवटचं, मधली सगळी गिळून टाकायची. डॉक्टरचं तेच. पण गिळलं तरी ते लपवत नाहीत. डू नॉटचं डोन्ट करताना ओ खाल्ला, तर जिथून खाल्ला तिथं वर एक छोटा खिळा ठोकतात, पुढच्या माणसाला कळावं की इथं कुणीतरी बसलं होतं. सर तो खिळा लाल खडूनं काढायचे आणि मागं सरून त्याच्याकडं बघायचे. मागच्या बाकावरून एकानं विचारलं होतं, सर, मग विल नॉटचं वोन्ट कसं झालं, त्यात ओ कुठून आला? सर फळ्यावरचा ओ गिरवत म्हणाले, तो पाहुणा आलाय, त्याला बसू दे. सगळा वर्ग हसला होता. भरतला तेव्हापासून इंग्रजीची भीती वाटेनाशी झाली. पण या के वर खिळा नव्हता. अक्षर त्याच्या आधीचं खाल्लं होतं की नंतरचं, ते कळायला काही खूणच नव्हती. आणि दुपार चढत गेली तसं त्याच्या ध्यानात आलं की, खाल्लेलं अक्षर नंतरचं निघावं, असं त्याला मनातून वाटतं आहे. तिनं का म्हणावं. इतकं सोपं ओके तिनं म्हणू नये.

हे ध्यानात आल्यावर तो दचकला. दोघांना पुरेल अशी खोली मिळावी म्हणून त्यानं तीन महिने भोसरी पालथी घातली होती. त्याची आई प्रयागबाई दर फोनला तेच म्हणायची, लगीन झालं आन दोघं दोन डोंगरांवर, ह्याला काय संसार म्हणायचा? आईचं खोटं नव्हतं. तेजस्विनी येडगावची, डी.एड. झालेली, लग्नाच्या आधीच तिला शिक्षणसेवकाची नेमणूक मिळाली होती ती पार आहुप्याला, आंबेगाव तालुक्याच्या टोकाला, जिथं डोंगर संपतो आणि खाली कोकण सुरू होतं. तिला सुट्टी रविवारी. भोसरीच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. एका आठवड्यात सात वार असून दोघांच्या वाट्याला सामाईक असा एकही नव्हता. सणावाराला भेट व्हायची ती निमगावच्या घरात, माणसांच्या गराड्यात. ती पोळ्या लाटायची, तो ओट्यावर बसायचा, आणि दाराआडून एकमेकांना बोललेले शब्द मोजायला गेलं तर बोटंही जास्त झाली असती. शिवाय भरतच्या घरात बोलायची रीतच तोकडी. बाप हं म्हणायचा, त्यात सगळं आलं. पाहायला गेले तेव्हा तेजस्विनीनं त्याला एकच विचारलं होतं, नोकरी सोडायला लागेल का? आणि तो म्हणाला होता, बघू. आता मशीनसमोर उभं राहून त्याला वाटलं, बघू हासुद्धा एक के च होता. तिनं त्यात काय वाचलं असेल कोण जाणे.

पहिली पाळी सुटली. उद्या गुरुवार. तो खोलीकडं वळायचा तो हायवेकडं चालायला लागला, डब्याची पिशवी खांद्याला तशीच. आपण कुठं निघालोय हे त्याच्या पायांना आधी कळलं असावं, कारण नारायणगावची यष्टी समोर थांबून निघाली तेव्हा तो चढलेला होता आणि मंचरचं तिकीट मागत होता. यष्टी. स्टेट ट्रान्सपोर्टचे दोन तुकडे काढले, एस आणि टी, आणि आईनं, आजीनं, सगळ्या गावानं त्यांना लुगडं नेसवून आपल्यात घेतलं. त्याला एकदम हसू आलं. शेजारचा माणूस बघायला लागला तसा त्यानं खिडकीबाहेर तोंड केलं. चाकण गेलं, खेडचा घाट गेला. तिकिटाच्या कागदावर, पाट्यांवर, मागून येणाऱ्या ट्रकांवर, जिकडंतिकडं कापलेले शब्द होते, प्रायव्हेटची तीन अक्षरं, लिमिटेडची तीन, आणि आतापर्यंत त्यानं ते नुसते वाचले होते. आज प्रत्येकाच्या पोटात काय राहिलं असेल ते तो भरून पाहत होता, आणि हा खेळ त्याला आवडायला लागला होता.

मंचरला आहुप्याची मुक्कामी गाडी लागलेलीच होती. घोडेगाव मागं पडलं, डिंभ्याचं धरण आलं, आणि तिथून रस्ता पाण्याच्या कडेकडेनं वर निघाला. भादवा संपत आला होता. पाऊस विरळ झाला होता, उन्हाची तिरीप पाण्यावर लांबवर पडली होती, आणि दोन्ही बाजूंचे उतार सोनकीच्या फुलांनी असे पिवळे झाले होते की गाडीत बसलेल्या बायांच्या चेहऱ्यावर तो उजेड आला होता. खाचरांतला भात निसवला होता. फोनवरच्या रेंजच्या काड्या एकेक करून गेल्या, शेवटची काडीही गेली, आणि भरतला वाटलं, आता तो के आपल्याला काही करू शकत नाही. इथून पुढं अक्षरं चालत नाहीत. इथं माणूसच न्यावा लागतो. मग त्यानं फोन खिशात टाकला. जाऊन बोलायचं काय? तीन तासांच्या वाटेत त्यानं याचा विचारच केला नव्हता.

गाडी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. तेजस्विनी गेणभाऊ आणि अंबाबाई या म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी राहायची. त्यांची पोरं जुन्नरला कामाला, घरात दोघंच, त्यांनी बाईंना एक खण दिला होता. अंबाबाई पडवीत तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि आत हाक मारली, "बाई, तुमचं पावणं आल्यात बगा. हातात डबा हाय, जेवून आल्यात का उपाशी, ते इचारा." तेजस्विनी दारात आली. हात पिठाचे, केस मागं सारायला मनगट वर केलेलं. ते मनगट तसंच राहिलं.

"तुम्ही? काय झालं? आई बऱ्या आहेत ना?"

"बरी हाय. सगळी बरी हायेत."

"मग?"

भरतनं खिशातून फोन काढला. त्याला दुसरं काही सुचलं नाही. पडवीतल्या दिव्याखाली त्यानं पडदा तिच्यापुढं धरला. "ह्ये काय हाय," तो म्हणाला, "ते इचाराया आलो."

तिनं वाकून पाहिलं. मग त्याच्याकडं पाहिलं. "भोसरीहून?"

"हं," तो म्हणाला, आणि हं पुरणार नाही असं वाटून पुढं म्हणाला, "तवर चैन पडंना."

तेजस्विनी पडवीच्या कडेला बसली. पीठ लागलेले हात तिनं मांडीवर उताणे ठेवले आणि ते बघत बोलायला लागली. "इथं रेंज नाही, ती फक्त कड्यावर येते, खालच्या कोकणातल्या टॉवरची. मधल्या सुट्टीत गेले होते. तुमचा निरोप वाचला. आधी ओके लिहिलं. मग वाटलं, इतकं सोपं नाहीये हे. म्हणून मागं जाऊन ओ खोडला. के राहिला. मग त्याच्यापुढं ए लावला, का झालं. वाचून पाहिलं तर भांडल्यासारखं वाटलं. तुम्ही तिकडं कामावर, एकटे. म्हणून ए पण खोडला. परत के राहिला. दोन्हींत तोच होता. तेवढ्यात पोरं बोलवायला आली, बाई, चला, पोरी भांडत्यात. मग म्हटलं, एवढा तरी जाऊ दे."

भरत हसायला लागला. आधी नाकातून, मग पोटातून, आणि मग त्याला खांबाला धरावं लागलं. दिवसभर तो ज्या दोन टोकांमध्ये झुलत होता ती दोन्ही टोकं खरी निघाली होती. तेजस्विनी आधी गोंधळली, मग तीही हसायला लागली, पिठाचा हात तोंडावर गेला आणि ओठांवर पांढरा ठसा उठला. अंबाबाईनं सूप पुन्हा उचललं. "येका अक्षरासाठी यवढं हसत्यात," ती नवऱ्याला म्हणाली, "आख्खं पत्तर आलं आसतं तर घर पडलं आसतं." गेणभाऊनं आतून विचारलं, कोण आलंय. त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत मागच्या भिंतीला टेकून बसला. त्यानं बायकोला शिकवताना कधी पाहिलं नव्हतं. खरं तर त्यानं तिला कधी पुरतं पाहिलंच नव्हतं, दाराआडून दिसेल तेवढी पाहिली होती. इथं ती खोलीभर होती. आवाज वेगळा, चाल वेगळी, हात बोलण्याच्या पुढं धावायचे. चौथीच्या पोरांना ती आय ॲमचं आयएम कसं होतं ते सांगत होती. तीन पोरांना उठवून तिनं शेजारी शेजारी उभं केलं आणि मधली मुलगी बाहेर काढली. "आय आणि एम जवळ आले. ए उठून गेला. त्याच्या जागेवर काय ठेवायचं?" मुलगी पळत गेली आणि स्वतःची पाटीवरची पेन्सिल दोघांच्या मध्ये, वर, हवेत धरून उभी राहिली. "बाई, पन ए गेला कुठं?" एकानं विचारलं. खिडकीपाशी बसलेल्या मुलीनं लगेच सांगितलं, "गुरामागं." त्या दिवशी दोन पोरं खरंच गुरामागं गेलेली होती, त्यामुळं कुणाला ते चुकीचं वाटलं नाही. तेजस्विनीनंही मान डोलावली. "गुरामागं गेला, पण त्याची जागा ठेवलीय. आला की बसंल." भरत उठून बाहेर गेला आणि उगाचच टाकीतल्या पाण्यानं तोंड धुतलं. ऊन लख्ख पडलं होतं, देवराईच्या काळ्या-हिरव्या गर्दीवर पाखरं भिरभिरत होती, आणि आतून चौदा-पंधरा पोरं एका सुरात ओरडत होती, आयएम, आयएम, मी आहे, मी आहे.

शाळा सुटल्यावर ती त्याला कड्यावर घेऊन गेली. खाली पार खोलवर कोकणातली गावं, नदीची रेघ, आणि ढग त्यांच्या पायांखालून चाललेले. गाडी गावात उभी होती. ही उतरणारी शेवटची, पुढची सकाळी, आणि सकाळच्या गाडीनं गेलं तर पहिली पाळी चुकणार होती. भरतला नोकरी लागल्यापासून एकही खाडा पडला नव्हता.

"हं, आता सांगा," तेजस्विनी म्हणाली. "का?"

अखेर तो शब्द पुरता आला होता, काना लावून. भरतनं तोंड उघडलं, आणि पहिल्यांदा आईचं नाव निघालं, मग खोलीचं, मग भाड्याचं, आणि ते सगळं त्याचं त्यालाच ओळखीचं वाटेना. तो थांबला. मग म्हणाला, "खोलीवर गेल्यावर बोलाया कुणी नसतं. दिवसभर काय काय होतं. सांगावं वाटतं. सांगाया तू पायजे, येवढंच. नोकरी सोड म्हणालो ते त्याच्यात आलं. सोडू नको. मी काल दिसभर हेच म्हणत व्हतो मनात, तिनं का म्हणावं, तिनं का म्हणावं."

तिनं बोटांवर वर्षं मोजली. "माझी शिक्षणसेवकाची तीन वर्षं पुढच्या वर्षी भरतात," ती म्हणाली. "मग बदली मागता येईल, मंचरकडं, चाकणकडं. तवर बुधवारी तुम्ही मुक्कामी गाडीनं या. शनिवारी माझी शाळा अर्धी असते, मी येईन. खोली ठेवा. खिडकी आहे का तिला?"

"हाय. नाल्याकडं."

"चालंल. आणि आईंना?"

"आईला मी सांगीन."

"बघू म्हणून?"

"न्हाई," तो म्हणाला. "धडधडीत सांगीन."

ती हसली, आणि हसताना त्याच्या खांद्याला खांदा लागला तो तिनं काढून घेतला नाही. वारा खालून वर येत होता, ओल्या गवताचा. भरतला वाटलं, आता बोलायचं संपलं, आणि संपलं नव्हतं. आत कुठंतरी बांध फुटल्यासारखं झालं होतं. "तुला एक सांगू का?" तो म्हणाला. "कारखान्यातला पैला दिवस. सुपरवायझर आला आन म्हणाला, आज ओटीला थांब. त्यो म्हणत व्हता वव्हरटाइम, मला ओटी म्हंजी दवाखान्यातलीच ठावं. आपरेशनची. बापाचं हर्निया झालं तवा नारायणगावला पाटी वाचली व्हती. मी म्हणलं, कुणाला लागलंय आन मला का थांबवत्यात. रगत द्याचं आसंल."

"मग?" तिचे डोळे मोठे झाले.

"मग काय, मी बाही वर केली आन पैल्या मदतीच्या पेटीपाशी जाऊन बसलो."

तिला हसता हसता ठसका लागला. गावाकडून हॉर्न वाजला. मग पुन्हा वाजला, लांब, आणि वळणावरून कंडक्टरची हाक आली, "पावणं, येताय का?"

"गाडी," तेजस्विनी म्हणाली. "खाडा पडेल तुमचा."

भरतनं उभं राहून हात वर केला आणि आडवा हलवला. नाही. जा. गाडीनं आचका दिला, घुरघुरली, आणि उतरणीला लागली. तिचा आवाज झाडीत शिरला, बाहेर आला, पुन्हा शिरला. तो खाली बसला.

"मग?" ती म्हणाली. "पेटीपाशी बसलात, मग?"

त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, कारण मधलं बरंच सांगायचं राहून गेलं होतं.